चौदा टक्के आणि दहा बाय बाराची खोली

"मॅडम, शंभरात बत्तीस. हे वाचलंय का तुम्ही?" असं म्हणत दादाने मोबाइल फिरवून माझ्या टेबलावर ठेवला. स्क्रीनला आडवी चीर गेलेली, आणि त्या चिरेखाली इंग्रजीतला आकडा: ३२.५ टक्के.

वाचलं होतं, आणि आकडा खरा होता. २०१८ सालचा एक आढावा आहे. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रियांच्या योनिरचनेच्या शस्त्रक्रियांवरचे तेरा अभ्यास त्यात एकत्र मोजलेत. गुंतागुंत ३२.५ टक्के. त्याच आढाव्यात पुढे दुसरा आकडा आहे: दिसण्यासाठी नव्हे, तर काहीतरी बिघडलं म्हणून पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, असं २१.७ टक्के. दादा तिथपर्यंत पोचला नव्हता. मीच तो त्याला सांगितला. शेजारी बसलेली त्याची बहीण माझ्याकडे बघतच राहिली. ही बाई नेमकी कुणाच्या बाजूची, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. रुग्णांच्या भाषेत "सोशलवाल्या मॅडम". योजनेचे कागद, रक्ताची सोय, घरच्यांची समजूत, हे माझं काम. ही शस्त्रक्रिया दादाच्या त्या बहिणीला हवी होती. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. वय, गाव, नोकरी बदलली आहे. खोलीचं माप मात्र आहे तेच ठेवलंय, कारण सगळं प्रकरण शेवटी त्या मापाशी येऊन थांबतं.

ती एकोणतीस वर्षांची. कुरिअरच्या एका छोट्या ऑफिसात पार्सलच्या नोंदी करायची. कल्याणच्या पुढे एका चाळीत आई आणि दादाचा मुलगा यांच्यासोबत राहायची. दादा-वहिनी त्याच चाळीत दोन खोल्या सोडून. पोराला अभ्यासाला शांतता म्हणून तो आजीकडे. तीन वर्षं हॉर्मोन चालू होते. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र, ओळखपत्र, आयुष्मान योजनेचे कागद सगळं जागेवर. पारलिंगी व्यक्तींसाठी २०२२ साली योजनेचा जो विस्तार जाहीर झाला, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आणि या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. अडलं होतं ते घरी. शस्त्रक्रियेनंतर सांभाळणार आई, आणि आईचा शब्द म्हणजे दादाचा शब्द.

दादाला खलनायक करायचा मोह मला सुरुवातीला झाला होता. पहिल्या भेटीत तो बहिणीशी बोलताना लिंग दाखवणारं क्रियापदच टाळायचा. "जेवलास" म्हणावं तर ती दुखावणार, "जेवलीस" त्याच्या तोंडून निघत नाही. मग "जेवण झालं का?" "निघायचं ना?" अशी सगळी वाक्यं. मराठीत हे करायला बरीच कसरत लागते, आणि तो ती दिवसभर करायचा. आई मात्र पहिल्यापासून "बाळा" म्हणायची. त्या हाकेला लिंग नाही, त्यामुळे तिला काही बदलावं लागलं नाही.

तर, बत्तीस टक्के. असा आकडा समोर आला की तो नाकारायचा नाही आणि त्याला घाबरायचंही नाही, तो फोडायचा. "गुंतागुंत" या एका शब्दाखाली कागदावर काय काय मोजतात, हे मी दादाला पेनने काढून दाखवलं. शल्यविशारद जगभर एक पाच पायऱ्यांची उतरंड वापरतात. ती पहिल्यांदा १९९२ साली मांडली गेली, २००४ साली सुधारली. पहिली पायरी: ठरल्याप्रमाणे गेलं नाही, पण साधं ड्रेसिंग किंवा तापाची गोळी एवढ्यावर निभावलं. दुसरी: वेगळी औषधं लागली किंवा रक्त चढवावं लागलं. तिसरी: पुन्हा हत्यार लावावं लागलं. चौथी: जिवावर बेतलं, अतिदक्षता विभाग. पाचवी: मृत्यू. कित्येक अभ्यास टाका उसवला तरी "एक" मोजतात आणि आतड्याला भोक पडलं तरी "एक". मग बेरीज करून बत्तीस लिहितात.

"म्हणजे बत्तीस खोटं?" दादा.

"बत्तीस खरं. पण बत्तीस जणी मरतायत असं तुम्ही वाचलंत, ते खोटं."

त्याच वर्षी छापलेल्या आणखी एका आढाव्यात ४६ अभ्यास आणि ३,७१६ शस्त्रक्रिया आहेत. त्यात प्रकार सुटे करून दिलेत, म्हणून मला तो जास्त उपयोगी वाटतो. भगंदर, म्हणजे नको तिथे दोन पोकळ्यांमध्ये वाट तयार होणं: २ टक्के. ऊती मरणं: १ टक्का. आतला भाग खाली उतरणं: ४ टक्के. आणि आकुंचन, म्हणजे नवा मार्ग किंवा लघवीचं तोंड अरुंद होत जाणं: १४ टक्के. यातलं सगळ्यात भयंकर भगंदरच, आणि विशेषतः गुदाशयाकडे उघडलं तर. शंभरातल्या त्या दोघींना काही महिने पोटावर शौचाची पिशवी घेऊन फिरावं लागू शकतं, दुसरी-तिसरी शस्त्रक्रिया लागू शकते. शंभरात दोन हा आकडा लहान आहे, पण त्या दोघींपैकी एक आपण असलो तर शंभर टक्के. हे वाक्य मी तिला तोंडावर म्हटलं. न सांगता घेतलेली सही माझ्या लेखी संमती नव्हे.

दादाने मग दुसरं अस्त्र काढलं. कोचीची बातमी. जुलै २०२१ मध्ये अनन्याकुमारी ॲलेक्स ही केरळची पारलिंगी रेडिओ जॉकी तिच्या राहत्या फ्लॅटमध्ये मृतावस्थेत सापडली. वर्षभरापूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेत चूक झाली, फार वेळ उभं राहता येत नाही, काम करता येत नाही, असा आरोप तिने जाहीरपणे केला होता. राज्य सरकारने चौकशीचे आदेश दिले. त्याच वर्षी ती विधानसभेसाठी उमेदवारी भरणारी बाई होती, घाबरून घरात बसणारी नव्हे.

या बातमीवर "ते एखादंच प्रकरण हो" असं उत्तर देणाऱ्या डॉक्टरांची मला चीड येते. एखादंच असलं तरी त्यातून विचारायचे प्रश्न मिळतात. मी तिला तेच कागदावर लिहायला लावले. बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार? इथेच की दुसरीकडे? तिचा खर्च योजनेत बसतो का, की पहिल्या शस्त्रक्रियेबरोबर फाइल बंद? रात्री दोन वाजता रक्त आलं तर कोणाचा फोन लागतो? शस्त्रक्रियेची टिपणं माझ्या हातात मिळतील का? पुढच्या बुधवारी हा कागद ती आमच्या प्लास्टिक सर्जनसमोर घेऊन बसली. सरांनी तिसऱ्या प्रश्नापर्यंत पटापट उत्तरं दिली, चौथ्याला थांबले आणि निवासी डॉक्टरला बोलावून वॉर्डचा नंबर लिहून द्यायला लावला. त्याआधी आमच्याकडे तो नंबर कुणाला लिहून देत नव्हते. ही आमची उणीव होती.

त्याच भेटीत सरांना तिच्या दातांवरची काळी झाक दिसली. मशेरी. आजीने दहाव्या वर्षी लावलेली सवय. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला तिने तीनदा "नाही" म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं. पण रक्तवाहिन्या आकसवणारं निकोटिन मशेरीतही तेच. या शस्त्रक्रियेत कातडी उलटवून आत शिवतात; तिला रक्त कमी पडलं की ती मरते. सहा आठवडे बंद, मगच तारीख. "हे तुमच्या हातातलं आहे, बाकी माझ्या," सर म्हणाले. तिने सोडली. डोकं दुखतं म्हणून मला रोज फोन, पण सोडली.

आता आई. आई सगळं ऐकत असायची, बोलायची नाही. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला होता. दादानेच कर्ज काढून, पाठी लागून बदलून घेतला. मी विचारलं, "आता बरा आहे का?" "बरा कसला," आई म्हणाली, "जिना चढताना आत काहीतरी ओढल्यासारखं होतं. पण देवळात जाते ना चालत." गुडघा बदललेल्यांत साधारण पाचातला एक जण नंतरही समाधानी नसतो, हे हाडांच्या डॉक्टरांमध्ये सर्वश्रुत आहे. त्या वेळी या घरात कुणी टक्केवारी विचारली नव्हती. दादाला मी हे म्हटलं तेव्हा तो चिडला: "गुडघ्याचं वेगळं, मॅडम. गुडघा दुखत होता."

त्यावर बहीण पहिल्यांदा बोलली. "मलाही दुखतंय, दादा. एक्सरेत येत नाही एवढंच."

गुडघ्याची तुलना मी अजूनही वापरते, पण जपून. समाधान आणि पश्चात्ताप एकच नव्हेत. गुडघ्याबद्दल नाराज असलेला माणूस जुना गुडघा परत मागत नसतो. २०२१ सालच्या एका आढाव्यात, २७ अभ्यास आणि ७,९२८ व्यक्तींमध्ये, लिंगानुरूप शस्त्रक्रियेनंतर पश्चात्तापाचं प्रमाण सुमारे १ टक्का निघालं. हा आकडा हवेत नाचवणारे पुष्कळ असतात. पण त्या अभ्यासांत पश्चात्ताप विचारायची पद्धत एकसारखी नाही, आणि काही वर्षांनी निरोप न देता नाहीशा झालेल्या रुग्णांचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून मी म्हणते: कमी आहे, बरंच कमी आहे. नेमकं एकच आहे, यावर पैज लावू नका.

दुसऱ्या पारड्यात काय होतं, तेही मांडायला हवं. "नको" म्हटलं म्हणजे धोका शून्य, असं दादा धरून चालला होता. तिच्या ओळखीतल्या दोघींनी तिला दाईकडे न्यायची तयारी दाखवली होती. तिच्या हातून अवयव कापून घ्यायचा, निर्वाण म्हणतात त्याला. भूल नाही, टाके नाहीत, जखम उघडी, चाळीस दिवस आडोशाला. यातून धडधाकट उठलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि लघवीचं तोंड बंद होऊन मध्यरात्री कॅज्युअल्टीत आलेल्याही. तिथे टक्केवारी सांगता येत नाही, कारण तिथे केसपेपरच निघत नाही. ती जाणार नव्हती बहुतेक. पण "बहुतेक" हा शब्द तिच्या तोंडून आला तेव्हा दादाने मोबाइल खिशात टाकला.

सरांनी तिच्यासमोर एक मधला मार्गही ठेवला. बाहेरून सगळी रचना करायची, आत मार्ग करायचाच नाही. गुदाशयाला धक्का लागण्याची भीती जवळजवळ जाते, आणि आकुंचनापैकी आतल्या मार्गाचा भाग उरतच नाही. रुग्णांना हा पर्याय नीट सांगितला जात नाही असं माझं मत आहे. कित्येकींना तेवढंच हवं असतं. हिने बारा दिवस विचार केला आणि पूर्ण शस्त्रक्रिया मागितली. सरांनी कारण विचारलं. "पाहिजे म्हणून पाहिजे, सर. केसपेपरवर कारण लिहावंच लागतं का?" सरांनी लिहिलं नाही.

इथवर सगळं पुस्तकात बसणारं. ज्याचं पुस्तकात पान नाही ते माझ्या लक्षात आलं घरभेटीच्या दिवशी.

खोली दहा बाय बारा. एका भिंतीला ओटा, दुसरीला कपाट आणि गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, खिडकीशी पुतण्याचं टेबल. संडास गॅलरीच्या टोकाला, सहा बिऱ्हाडांत दोन. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवसांनी आतला पॅक, म्हणजे नव्या मार्गात ठासून भरलेली पट्टी, निघतो, आणि त्या दिवसापासून डायलेटर सुरू. गुळगुळीत कांड्या, वाढत्या जाडीच्या. जेली लावायची, पाय दुमडून पाठीवर पडायचं, कांडी आत ठेवून वीस-पंचवीस मिनिटं तसंच राहायचं. सुरुवातीचे काही महिने दिवसातून तीनदा, मग हळूहळू कमी, पण थोडंबहुत जन्मभर. शरीराच्या दृष्टीने तो नवा मार्ग म्हणजे एक जखमच, आणि जखम मिटवणं हा शरीराचा धर्म. कांडी चुकली की ते मिटवायला लागतं.

मी त्या खोलीत उभी राहून हिशेब केला. तीनदा पंचवीस मिनिटं, त्याआधी-नंतर धुणं, पुसणं. दिवसाचे दोन तास ही खोली फक्त तिची हवी, आतून बंद. पुतण्या दहावीला. दाराला आतून फक्त एक सैल खिटी, बाहेरून जरा ढकललं की निघणारी. चौदा टक्के हा आकडा ज्या रुग्णालयांमधून आला, तिथल्या किती जणींकडे आतून बंद होणारं दार होतं, हे कुठल्याही तक्त्यात नाही. माझ्या मते या बाईचा चौदा टक्के चौदा नव्हता. किती, ते मला सांगता येणार नाही, पण चढा होता. आणि तो कमी करायला सर्जनचा हात कितीही चांगला असून भागणार नव्हतं.

आईने त्यावर तोडगा काढला. दुपारी पुतण्या शाळेत, तेव्हा एकदा. रात्री तो आई-बापाकडे झोपायला जाईल, तेव्हा दुसऱ्यांदा. राहिली सकाळ. "सकाळी मी गॅलरीत उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडत बसेन," आई म्हणाली. "माझ्या अंगावरून कोण आत जातंय बघते."

शस्त्रक्रिया ऑक्टोबरमध्ये झाली. साडेचार तास, रक्त लागलं नाही. सहाव्या दिवशी पॅक निघाला, नळी निघाली. अकराव्या दिवशी खालच्या कोपऱ्यातले टाके उसवले, रुपयाएवढी जागा उघडी पडली. दादा धावत ओपीडीत: "सुरू झालं ना, मॅडम?" सिस्टरने धुऊन पट्टी केली, आईला शिकवली. तीन आठवड्यांत भरलं. पायरी पहिली. दोन महिन्यांनी आत लाल दाणेदार मांस वाढलं, चिकट रक्ताळलेला स्राव. सिल्व्हर नायट्रेटची काडी दोनदा लावून जाळलं. लघवीची धार सरळ येत नव्हती, शिंपडल्यासारखी उडायची; ती हळूहळू बरीचशी सुधारली.

खरं बिनसलं जानेवारीत. दहाव्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली, नाहीतर नोकरी जाणार होती. त्यामुळे दुपार गेली. मग पुतण्याच्या पूर्वपरीक्षा आल्या, तो सुट्टी घेऊन घरीच अभ्यासाला, रात्री बारापर्यंत दिवा. रात्रही गेली. राहिली आईची तांदळाची वेळ. तीनाचं एक झालं, मग एक दिवसाआड. फेब्रुवारीत तिने मला फोन केला, आवाज अगदी बारीक: "मॅडम, तिसऱ्या नंबरची कांडी जात नाहीये."

प्रवेशाशी आकुंचन. महिनाभर लहान कांडीपासून पुन्हा सुरुवात करून पाहिली, जमलं नाही. मार्चमध्ये पुन्हा भूल, अर्ध्या तासाची दुरुस्ती, दोन रात्री वॉर्डात. पायरी तिसरी. म्हणजे ती बत्तीसातली झाली, एकवीसातली झाली आणि चौदातलीही झाली. दादाचा आकडा या घरापुरता पूर्ण खरा ठरला होता, आणि तो हे मला ऐकवणार म्हणून मी तयार होते. त्याने ऐकवलं नाही. वॉर्डाबाहेर बाकावर बसून त्याने एवढंच विचारलं, "पहिल्या वेळेला जागा असती तर हे झालं नसतं का?" मी म्हटलं, "खात्री नाही. पण शक्यता बरीच कमी असती." तो बराच वेळ चपलेच्या टोकाने फरशीवर रेघ ओढत राहिला.

वर्ष झाल्यावर आमच्याकडे एक फॉर्म भरतात. गुंतागुंत: होय किंवा नाही. पुन्हा शस्त्रक्रिया: होय किंवा नाही. मी दोन्हींत "होय" लिहिलं. मग खाली समाधानाचा रकाना, एक ते पाच. तिने पाचावर बोट ठेवलं. मी कारण विचारलं, कारण दोन "होय"नंतर पाच दिसला की तपासणारा मलाच विचारतो.

"मॅडम, ते दोन महिने लघवीला बसले की पाय ओले व्हायचे," ती म्हणाली. "रोज पाय धुवायचे. पण बसत होते ना."

ते कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला कळलं नाही. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलं.

दुसऱ्या घरभेटीला गेले तेव्हा खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. कपाट सरकवून दादाने प्लायवूडचं पार्टिशन घातलं होतं, साडेसहा फूट लांब, गादी आणि एक बादली मावेल एवढं. पुतण्याचं टेबल बाहेर गॅलरीत, वर ताडपत्री. प्लायवूडला अजून फेव्हिकॉलचा वास होता. दादा गुडघ्यावर बसून बिजागरीचे स्क्रू पिळत होता. मला बघून त्याने मान हलवली, उठला, दार लोटून बहिणीला आत पाठवलं आणि बाहेरून ओरडला,

"कडी आतून नीट लागते का बघ!"